मोटारीतील मार्गदर्शक यंत्र आणि ‘सोपेपणा’चा इतिहास

इ. स. २००४ ते २००९ या पाच-सहा वर्षांत युरोप-अमेरिकेतील दुकानांत एक लहानसे यंत्र फार मोठ्या प्रमाणावर विकले गेले. मोटारीच्या समोरील काचेस ते चिकटवावयाचे, जावयाचे ठिकाण त्याच्या पडद्यावर बोटाने लिहावयाचे, आणि मग ते सांगेल तसे वळावयाचे, इतकाच त्याचा उपयोग होता. ग्राहकापुढे एकाच फळीवर अशी दहा-वीस यंत्रे मांडलेली असत. ती सर्वच यंत्रे त्याच उपग्रहांचे संदेश ग्रहण करीत. त्यांतील बहुतेकांचे नकाशे दोन-तीनच संस्थांकडून आलेले असत. तरीही ग्राहक त्यांत निवड करी, आणि निवडीच्या वेळी विक्रेत्यास विचारावयाचा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘यांतील वापरावयास सोपे कोणते?’ हाच असे.

या प्रश्नातील ‘सोपे’ हा शब्द वाटतो तितका सोपा नाही. या यंत्राचा इतिहास सामान्यतः उपग्रहांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि त्यात सोपेपणा ही शेवटी आपोआप पदरात पडलेली गोष्ट ठरते. वस्तुस्थिती निराळी आहे. उपग्रहाने मोटार ‘कोठे’ आहे एवढेच सांगितले. चालकाशी काय बोलावे, कोणत्या शब्दांत बोलावे, कोणत्या क्षणी बोलावे, आणि कोणत्या खुणेने स्थळ ओळखावे, हे प्रश्न उपग्रहांपूर्वीच विचारले गेले होते. त्यांची महत्त्वाची उत्तरेही उपग्रहांच्या साहाय्यावाचूनच मिळाली होती. ते प्रश्न मूलतः भाषेचे होते.

मोटारीचे युग सुरू झाले तेव्हा अमेरिकेतील रस्त्यांवर पाट्या फारशा नव्हत्या. त्या काळी, १९०९ च्या सुमारास, ‘जोन्स लाइव्ह-मॅप’ नावाचे एक साधन विक्रीस आले. त्यात ग्रामोफोनच्या तबकडीसारखी कागदी तबकडी बसविलेली असे, आणि एका तारेने ती मोटारीच्या चाकास जोडलेली असे. मोटार जसजशी पुढे जाई तसतशी तबकडी फिरे, आणि तिच्या कडेवर छापलेल्या सूचना एकामागून एक काट्याखाली येत : अमुक मैलावर डावीकडे वळा, अमुक ठिकाणी रूळ ओलांडा, वगैरे. हे नकाशाचे यंत्र म्हणून विकले गेले. परंतु ते नकाशा दाखवीत नव्हते, मजकूर वाचावयास देत होते. रस्ता सांगण्याचे काम कोणी वाटसरू करतो तसे, वाक्यावाक्याने, ते करी. त्याचा दोषही वाटसरूच्या सांगण्यातील दोषासारखाच होता. मधल्या एखाद्या गावी वाट सोडून थोडे आत जाऊन यावे, तर तबकडीचा हिशेब चुके आणि पुढील प्रत्येक वाक्य खोटे होई. मार्ग वाक्यांत सांगितला की तो सोपा होतो, पण एक वाक्य हुकले की सारा मार्ग हुकतो. ही अडचण पुढील सत्तर-ऐंशी वर्षे कायम राहिली.

मधल्या काळातील प्रयत्नांचा येथे विस्तार करण्याचे कारण नाही. रस्त्यातच विद्युत्‌-साधने पुरून मोटारीस संदेश द्यावा अशा योजना अमेरिकेत व जपानात आखल्या गेल्या. प्रत्येक चौक उकरावा लागणार असल्यामुळे त्या खर्चाच्या भाराखाली मागे पडल्या. १९८१ मध्ये होंडा कंपनीने जपानात ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ हे यंत्र काढले. मोटार कोणत्या दिशेस किती वळली हे त्यातील वायूच्या झोतावर चालणारा घूर्णमापक ओळखी, आणि पडद्यावर एक प्रकाशबिंदू सरके. त्या पडद्यावर पारदर्शक नकाशाचे ताव हातांनी सरकवून बसवावे लागत. किंमत सुमारे तीन लक्ष येन होती. चालकाने गाडी थांबवावी, योग्य तो ताव शोधावा, बिंदूखाली तो नेमका लावावा आणि मग पुढे निघावे, ही क्रिया पाहता त्यास सोपे कोणीच म्हटले नसते. तथापि मोटारीने स्वतःच्या हालचालीवरून स्वतःचे स्थान ओळखावे, ही गोष्ट त्याने सिद्ध केली.

यानंतरचा टप्पा भाषेच्या अभ्यासकास विशेष लक्षणीय वाटावा असा आहे. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅन हनी आणि नोलन बुशनेल यांनी एक कंपनी स्थापिली. बुशनेल हे अटारी या दूरचित्र-खेळांच्या कंपनीचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध होते. हनी हे अभियंता असून समुद्रावरील शर्यतींत नौकेचा मार्ग आखणारे कसलेले दर्यावर्दी होते, आणि बुशनेल यांच्या नौकेवर त्यांनी ते काम केले होते. कंपनीचे नाव त्यांनी ‘एटॅक’ असे ठेवले. हा शब्द पॅसिफिक महासागरातील कॅरोलाइन बेटांवरील नावाड्यांचा आहे. होकायंत्र व नकाशा यांवाचून शेकडो मैलांचा प्रवास करणारे हे नावाडी प्रवासाचा हिशेब विलक्षण रीतीने ठेवीत. आपली नौका जागच्या जागी स्थिर आहे, आकाशातील ताऱ्यांचे उदयास्ताचे बिंदूही स्थिर आहेत, आणि बेटे मात्र नौकेच्या कडेने मागे सरकत आहेत, अशी कल्पना ते करतात. बाजूचे एक बेट संदर्भासाठी धरावयाचे आणि ते एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली सरकले की प्रवासाचा एक ‘एटॅक’ पूर्ण झाला असे मानावयाचे. टॉमस ग्लॅडविन यांनी पुलुवॅट बेटावरील नाविकांवर १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे ही पद्धती विद्वानांच्या परिचयाची झाली. पुढे एडविन हचिन्स यांनी तिच्यामागील बौद्धिक व्यापाराची बारकाईने चिकित्सा केली.

१९८५ मध्ये विक्रीस आलेल्या ‘एटॅक नॅव्हिगेटर’ने हीच कल्पना पडद्यावर उतरविली. मोटारीचे चिन्ह पडद्यावर एकाच जागी राही. त्याचे टोक नेहमी वर. मोटार वळली की तिच्याभोवतीचा सारा नकाशा फिरे. छापील नकाशात उत्तर दिशा वर असते, ती येथे राहिली नाही. जी समोर ती वर. आज ही गोष्ट इतकी परिचयाची झाली आहे की तिच्यात काही निर्णय घेतला गेला होता, हेच ध्यानात येत नाही.

भाषाशास्त्रात स्थळनिर्देशाच्या ज्या संदर्भचौकटी मानल्या जातात, त्यांच्या परिभाषेत हा निर्णय मांडता येतो. स्टीफन लेव्हिन्सन व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या तुलनात्मक अभ्यासावरून असे दिसते की काही भाषांत स्थळनिर्देश बोलणाऱ्याच्या देहावरून होतो, म्हणजे ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘समोर’ असा. तर ऑस्ट्रेलियातील गुगू यिमिथिर्र या भाषेत तो निरपवादपणे दिशांवरून होतो, इतका की जवळच्या वस्तूविषयीही ‘पूर्वेकडची’, ‘उत्तरेकडची’ असेच म्हटले जाते. मराठीत दोन्ही रीती नांदतात, पण त्यांची कार्यक्षेत्रे वेगळी आहेत. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा’ असे दिशांवरून लिहितात. वाट विचारणाऱ्यास मात्र ‘नाकासमोर जा, मग उजव्या हाताला वळा’ असे देहावरून सांगतात. याखेरीज घाट व कोकण यांच्या संबंधात ‘वर’ आणि ‘खाली’ ही तिसरी, भूमीच्या उतारावरून ठरणारी चौकट आहेच. उत्तर वर ठेवणारा नकाशा हा खरेदीखताच्या भाषेत बोलतो, आणि मोटारीबरोबर फिरणारा नकाशा वाटसरूच्या भाषेत. ‘नाकासमोर’ हा शब्द पडद्यावर काढावयाचा झाला तर तो एटॅकच्या पडद्यासारखाच दिसेल.

आणखी एक गोष्ट नोंदली पाहिजे. एटॅकच्या यंत्रात उपग्रहाचा मुळीच उपयोग नव्हता. चाकांवरील संवेदक व होकायंत्र यांवरून मोटारीच्या स्थानाचा अंदाज बांधावयाचा, आणि प्रत्येक वळणावर तो अंदाज नकाशातील रस्त्याशी ताडून दुरुस्त करावयाचा, अशी त्याची रीत होती. नकाशे ध्वनिफितींसारख्या डब्यांत असत. एका मोठ्या शहराच्या प्रदेशासाठी अशा एकाहून अधिक फिती बदलाव्या लागत. लहान पडद्याच्या यंत्राची किंमत १३९५ डॉलर व मोठ्या पडद्याच्या यंत्राची १५९५ डॉलर होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते यंत्र मार्ग सांगत नसे. गंतव्य स्थान एका तारकाचिन्हाने दाखविले जाई, तेथपर्यंतचे अंतर व दिशा कळे, आणि कोणत्या रस्त्याने जावयाचे हे चालक नकाशा पाहून स्वतः ठरवी. त्यास आपले शहर वाचावे लागे. पुढील काळात ज्यास ‘अवघड’ म्हणून बाजूस सारण्यात आले, ते नेमके हेच वाचन होते.

ज्या वर्षी एटॅकचे यंत्र बाजारात आले त्याच १९८५ मध्ये लिन स्ट्रीटर व त्यांच्या दोन सहकारी संशोधिकांनी अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. अनोळखी भागातून मोटार चालविणाऱ्या काही जणांना त्या मार्गापुरता खास तयार केलेला नकाशा दिला होता. काहींना सूचना ध्वनिमुद्रित करून, जशा लागतील तशा ऐकविल्या. काहींना दोन्ही साधने दिली. केवळ ऐकणाऱ्यांची कामगिरी सर्वांत चांगली झाली आणि केवळ नकाशा पाहणाऱ्यांची सर्वांत निकृष्ट. दोन्ही साधने मिळालेले लोक सर्वांच्या पुढे असावयास हवे होते. पण ते या दोहोंच्या मध्ये राहिले. म्हणजे, बोलण्याला चित्राची जोड दिल्याने काम सोपे न होता किंचित अवघडच झाले. या एका निष्कर्षाचे वजन यंत्रकारांना पुढे किती वर्षांनी कळले हे पाहिले, तर शास्त्र आणि बाजार यांच्यामधील अंतराचा अंदाज येतो. आजही ग्राहकास मोठा आणि अधिक रंगीत पडदा हाच सोपेपणाचा पुरावा वाटतो.

बोलावयाचे हे ठरल्यावर कसे बोलावयाचे, हा प्रश्न उरतो. त्याचे पहिले सविस्तर उत्तर मॅसॅच्युसेट्‌स तंत्रज्ञान संस्थेत जेम्स रेमंड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये पूर्ण केलेल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात आहे. ख्रिस श्मांट यांच्याबरोबर त्यांनी ‘बॅक सीट ड्रायव्हर’ ही संगणकीय रचना तयार केली. मागे बसून चालकास सारख्या सूचना करणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत हा थट्टेचा शब्द आहे. बॉस्टन परिसरात ती खऱ्या मोटारीत, खऱ्या रस्त्यांवर चालविण्यात आली. संगणकाचा कृत्रिम आवाज दूरध्वनीवरून चालकापर्यंत येई.

त्यांच्या लक्षात आलेली पहिली गोष्ट ही की रस्त्यांच्या नकाशात ‘वळण’ अशी एकच वस्तू असते, परंतु बोलणाऱ्या माणसाच्या मनात अनेक असतात. रस्ता फुटून दोन झाले तर ते ‘फाटा’. तिठ्यावर रस्ता संपला तर ते निराळे. हमरस्त्यावरून बाहेर पडणे निराळे. आणि रस्ताच वाकडा झाला तर त्यास कोणी वळणे म्हणत नाही. भूमितीच्या दृष्टीने यांतील कित्येक कोन सारखे असतील. परंतु तेथे काय करावयाचे, यास भाषेत शब्द वेगळा असतो, आणि तो वेगळा शब्द न वापरल्यास चालक गोंधळतो. म्हणून नकाशाच्या साठ्यातच या भेदांची भर घालावी लागली. मराठीत ‘वळणे’, ‘फाट्याने जाणे’, ‘वळसा घालणे’ आणि ‘मागे फिरणे’ यांतील भेद जाणणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. पण यंत्रास हे भेद कोणी तरी शिकवावे लागतात.

दुसरी गोष्ट काळाची. पुस्तकातील वाक्य वाचक आपल्या सोयीने वाचतो, चालकास सांगितलेले वाक्य मात्र रस्त्याच्या वेगाने पालटत जाते. फार आधी सांगितले तर तो विसरतो, उशीर झाला तर वळण निघून जाते. बराच वेळ काहीच सांगितले नाही तर यंत्र बंद पडले की काय, या शंकेने तो अस्वस्थ होतो. डेव्हिस यांच्या रचनेत म्हणून एकच सूचना पुष्कळ आधी एकदा तपशीलाने आणि वळणाच्या तोंडाशी पुन्हा थोडक्यात दिली जाई. तिसरी गोष्ट चुकीची. चालक चुकला तर त्यास ‘तुम्ही चुकलात’ असे म्हणावे काय? या रचनेत चुकीचा ठपका चालकावर न ठेवता, आपल्या मनात निराळे होते असे यंत्रानेच म्हणावयाचे आणि आहे त्या जागेवरून नवा मार्ग आखावयाचा, अशी योजना झाली. जोन्सच्या तबकडीस जे साधले नव्हते ते येथे साधले. पुढे अमेरिकन घरांत विनोदाचा विषय झालेला ‘पुन्हा गणना करीत आहे’ हा गार्मिनच्या यंत्राचा शब्द याच सौजन्याचा कोरडा वारस म्हणता येईल. त्या शब्दात कोणीच चुकलेले नसते.

उपग्रहांची हकीकत इतकी सुपरिचित आहे की ती थोडक्यात सांगणे पुरे. १९५७ मध्ये रशियाच्या स्पुटनिकचे संदेश ऐकताना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील दोन संशोधकांना त्यांच्या कंपनसंख्येतील फरकावरून उपग्रहाची कक्षा काढता आली. हीच रीत उलटविली असता भूमीवरील ग्राहकाचे स्थान काढता येईल, या विचारातून अमेरिकन नौदलाची ‘ट्रान्झिट’ योजना निघाली. तिच्यानंतरच्या ‘नॅव्हस्टार’ योजनेचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडण्यात आला, आणि १९९५ मध्ये ती योजना पूर्णत्वास पोहोचल्याचे जाहीर झाले. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दीत शिरले व पाडले गेले. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही सेवा नागरी उपयोगास खुली करण्याचे आश्वासन दिले. तथापि नागरी संदेशांत मुद्दाम अशुद्धता घालण्यात येत असे व स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत चुके. मे २००० च्या आरंभी ही अशुद्धता काढून टाकण्यात आली. समांतर असे दोन रस्ते शंभर मीटरच्या आत असतात, तेव्हा मोटारीच्या दृष्टीने ही घटना निर्णायक होती, यात शंका नाही. ‘यंत्र आता सोपे झाले’ ही समजूत याच सुमारास रूढ झाली. खरे पाहता ते अचूक झाले होते.

बोलणारे यंत्र तोपर्यंत जपानात रूढ होऊन गेले होते. माझदाच्या युनोस कॉस्मो या मोटारीत १९९० मध्ये उपग्रहाधिष्ठित यंत्र बसविले गेले, आणि १९९२ मध्ये टोयोटाच्या सेल्सिअर मोटारीत बोलून मार्ग सांगणारे यंत्र आले. जपानच्या उदाहरणाने एक वेगळाच प्रश्न पुढे आणला. यंत्रास मार्ग विचारावयाचा तर आधी त्यास गंतव्य सांगावे लागते, आणि ते सांगणे प्रत्येक देशाच्या पत्त्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. जपानी शहरांतील बहुतेक रस्त्यांस नावेच नाहीत. पत्ता हा वस्ती, गट व घर यांच्या क्रमांकांनी बनतो. अशा पत्त्याचे टंकलेखन करण्यापेक्षा जपानी चालकास त्या दुकानाचा किंवा उपाहारगृहाचा दूरध्वनी क्रमांक यंत्रात घालणे सोपे वाटले, व तशी सोय तेथील यंत्रांत सर्रास करण्यात आली. १९९७ मध्ये डेन्सो कंपनीने स्थळांसाठी ‘मॅपकोड’ नावाची अंकांचीच पद्धती काढली. उलट ब्रिटनमध्ये टपाल खात्याचा संकेतांक सरासरी अवघ्या पंधरा-एक घरांना मिळून असतो. तो पूर्ण घालता आला की नाव, रस्ता, गाव काहीच लिहावे लागत नाही. त्यामुळे संकेतांकाची सर्व अक्षरे यंत्र स्वीकारते की अर्धीच, ही ब्रिटिश ग्राहकाची निवडीची एक कसोटी होऊन बसली. जपानी ग्राहकाचे सोपे यंत्र ब्रिटनमध्ये सोपे राहिले नसते, आणि ब्रिटिशाचे जपानात.

आता आरंभी उल्लेखिलेल्या दुकानातील फळीकडे वळता येईल. गार्मिनचे ‘स्ट्रीटपायलट’ १९९८ मध्ये आले. ॲम्स्टरडॅमच्या टॉमटॉम या संस्थेचे ‘गो’ हे यंत्र २००४ मध्ये. तत्पूर्वी ग्राहकास खिशातील संगणक, उपग्रहसंदेशांचा वेगळा ग्राहक आणि नकाशाची तबकडी अशा तीन वस्तू जुळवाव्या लागत. ‘गो’मध्ये सर्व एका पेटीत होते आणि नकाशा आधीच भरलेला होता. ग्राहकाने त्या वेळी सोपेपणाच्या नावाखाली प्रत्यक्षात काय निवडले हे पाहावे. पेटीतून काढल्याबरोबर चालणारे, बोटाच्या दोन-तीन स्पर्शांत मार्ग आखणारे, आणि बोलणारे. चालकाने स्वतः मार्ग ठरविण्याची एटॅकची कल्पना या यंत्रांत जवळजवळ नाहीशी झाली. नकाशा होता, पण तो समोरच्या शे-दोनशे मीटरांचा. संपूर्ण शहराचा आराखडा पाहावयाचा तर यादीतून शोधून काढावा लागे.

बोलण्याच्या बाबतीतही निवड होती. ध्वनिमुद्रित मानवी आवाजाची यंत्रे ऐकावयास गोड. परंतु मुद्रित केलेली पन्नास-शंभर पदे जुळवूनच ती बोलत, त्यामुळे रस्त्याचे नाव त्यांना उच्चारता येत नसे. कृत्रिम आवाजाच्या यंत्रांना नाव उच्चारता येई, पण पुष्कळदा ते विद्रूप होई. नाव चुकीचे ऐकावे की मुळीच ऐकू नये, हा पेच होता. आणि त्याची किंमतही वेगवेगळी पडे, कारण नाव उच्चारणारी यंत्रे महाग असत. आवाज कोणाचा असावा, हाही प्रश्न होता. एका जर्मन मोटार कारखान्यास यंत्रातील स्त्रीचा आवाज मागे घ्यावा लागला, कारण स्त्रीने वाट सांगावी हे तेथील कित्येक पुरुष चालकांना रुचले नाही, अशी हकीकत क्लिफर्ड नॅस यांनी नमूद केली आहे. जर्मन यंत्रांचे व्याकरणही मासलेवाईक आहे. मागे फिरण्याची सूचना ती ‘बिटे व्हेन्डन’ अशी देतात. यात आदरार्थी सर्वनामही नाही आणि एकेरीही नाही. केवळ ‘कृपया’ आणि क्रियापदाचे मूळ रूप. आज्ञा होते, पण कोणी कोणास केली हे उघड होत नाही. मराठी यंत्रास हा निर्णय टाळता येत नाही. ‘वळ’ म्हणावे तर एकेरी, ‘वळा’ म्हणावे तर आदरार्थी; ‘वळावे’ म्हणावे तर मार्गदर्शकापेक्षा सरकारी सूचनाफलकाचा सूर लागतो.

ग्राहकाच्या या साऱ्या निवडीवर २८ ऑक्टोबर २००९ रोजी पडदा पडू लागला. त्या दिवशी गूगलने भ्रमणध्वनीवर बोलून मार्ग सांगणारी सेवा विनामूल्य देण्याचे जाहीर केले, आणि गार्मिन व टॉमटॉम या दोन्ही कंपन्यांच्या भागांचे भाव त्याच दिवशी कोसळले. वेगळे यंत्र निवडण्याची गरज सामान्य चालकापुरती तरी क्रमाने संपली. पण सोपेपणाचा प्रश्न त्या फळीबरोबर संपला नाही. तोरू इशिकावा यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पायी चालणाऱ्यांपैकी उपग्रहयंत्र वापरणारे लोक कागदी नकाशा वापरणाऱ्यांपेक्षा अधिक अंतर चालले, आणि मागाहून त्या वाटेचा आराखडा काढण्यास सांगितले असता तोही त्यांना तितकासा साधला नाही. मार्ग अनुसरण्यास सोपे असलेले साधन प्रदेश जाणण्यास सोपे असतेच असे नाही. ‘वापरावयास सोपे कोणते?’ या प्रश्नात या दोहोंपैकी कोणता सोपेपणा अभिप्रेत आहे, हे विक्रेत्याने विचारले नाही आणि ग्राहकानेही सांगितले नाही.

भारतात हा प्रश्न आणखी एका बाजूने उभा राहिला. रस्त्याचे नाव आणि अंतर यांवर रचलेली सूचना येथे निरुपयोगी ठरते, कारण रस्त्यांची नावे पाट्यांवर क्वचितच असतात, आणि असली तरी लोकांच्या तोंडी दुसरीच असतात. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने भारतातील नकाशांतील सूचनांत खुणांची स्थळे घातली, ती येथील लोक वाट कशी सांगतात याचे निरीक्षण करून. मारुतीच्या देवळावरून पुढे, पेट्रोलपंपाच्या अलीकडे, पिंपळाच्या पारापाशी, अशी ही भाषा आहे. ‘देवळावरून’ यातील प्रत्यय देवळास स्पर्शही करीत नाही. ते ओलांडून जावे एवढे तो सुचवितो. मीटरांत सांगितलेले अंतर चालकास मोजता येत नाही, देऊळ मात्र दिसते. गॅरी बर्नेट यांनी इंग्लंडात २००० च्या सुमारास केलेल्या संशोधनाचाही कल असाच होता : रस्ता सांगताना खुणेचे स्थळ सांगितले तर चालकाचे काम हलके होते. भारतीय वाटसरू जे पूर्वीपासून करीत होता, ते प्रयोगशाळेतून पुन्हा निघाले.

मराठीच्या वाट्यास यातील काय आले हे पाहावयाचे तर दोन घटना पुरेशा आहेत. २०१८ मध्ये गूगलच्या नकाशात बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू, तामीळ व मल्याळम्‌ या सहा भाषांतून बोलून मार्ग सांगण्याची सोय जाहीर झाली. त्या यादीत मराठी नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये स्थळनामे दहा भारतीय भाषांच्या लिप्यांत दाखविण्याची यांत्रिक पद्धती जाहीर झाली. त्यात मराठी होती. या दुसऱ्या घटनेतील अडचण सूक्ष्म आहे. नकाशातील पुष्कळशी नावे आधी रोमन लिपीत नोंदली गेली आणि मग तेथून देवनागरीत परत आणावी लागली. जाताना ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ट’ आणि ‘त’ यांतील भेद पुसला गेला. ऱ्हस्व ‘अ’ आणि दीर्घ ‘आ’ यांनाही एकच अक्षर मिळाले. परतताना यंत्रास अनुमान करावे लागते. ‘ठाणे’, ‘वडाळा’, ‘धुळे’ ही नावे प्रसिद्ध असल्यामुळे ती कोणत्याही कोशातून दुरुस्त करून घेता येतात. परंतु एखाद्या वाडीचे, मळ्याचे किंवा पाणंदीचे नाव कोणत्याच कोशात नसते. ते ‘वाडा’ आहे की ‘वडा’, ‘माळ’ आहे की ‘माल’, हे तेथे राहणाऱ्यासच ठाऊक असते, आणि यंत्र ते ज्या रीतीने उच्चारील त्या रीतीने विचारणाऱ्या परगावच्या चालकास तो ‘असे गाव इकडे नाही’ म्हणून सांगण्याचा संभव असतो.